उक्त्यात देऊ नका: शाखा बंद करताना जुन्या सामानाचे काय करायचे

प्रश्न थोडक्यात असा आहे. अमळनेर तालुक्यातल्या एका पतसंस्थेची शाखा मुख्य कार्यालयात विलीन होते आहे आणि भाड्याची जागा महिनाभरात रिकामी करून द्यायची आहे. आत १२ डेस्कटॉप, ४ जाड काचेचे जुने मॉनिटर, एक मोठे झेरॉक्स मशीन, २ डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ८ यूपीएस, इन्व्हर्टरच्या २ बॅटऱ्या, जुना एसी, पिग्मी एजंटांची ९ मशीन, लोखंडी कपाटे, सागवानी काउंटर आणि पोटमाळ्यावर पंधरा-वीस वर्षांचे दप्तर आहे. भंगारवाला सगळे पाहून एकच आकडा सांगून गेला. देऊन टाकावे का?

नाही. भंगारवाल्याशी वैर असायचे कारण नाही. लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम यांच्यासाठी त्याच्याइतका चांगला माणूस गावात दुसरा नसतो. अडचण उक्त्या सौद्याची आहे. एकच आकडा ठरला की त्यात तांबे आणि शिसे लोखंडाच्या भावात जाते, सभासदांच्या आधारच्या प्रती रद्दीच्या भावात जातात, आणि कोणती वस्तू कुठे गेली हे नंतर कोणालाच सांगता येत नाही. म्हणून आधी सामान वेगळे करा, मग प्रत्येक ढिगाचा वेगळा सौदा.

सुरुवात कागदावर

संचालक मंडळाचा ठराव आणि निर्लेखनाची (हिशेबातून कमी करायच्या वस्तूंची) यादी झाल्याशिवाय एक खुर्चीही बाहेर जाऊ देऊ नका. डेड स्टॉक रजिस्टरमधला (संस्थेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतला) अनुक्रमांक, वस्तू, कंपनी, सिरियल नंबर, सध्याची स्थिती आणि पुढे काय करणार (दुसऱ्या शाखेत, विक्री, दान, रिसायकलर, नष्ट) असे रकाने पुरतात. रजिस्टरमध्ये १२ संगणक आणि प्रत्यक्षात १० असे बहुतेक ठिकाणी निघते, कारण कधीतरी एखाद्याचे सुटे भाग दुसऱ्यात घातलेले असतात. तो फरक आताच लिहून सही करा. सामान गेल्यावर लेखापरीक्षकाने तोच प्रश्न विचारला तर उत्तर देणे फार जड जाते.

माहिती पुसण्याचे काम सामान हलवण्याआधी

डेस्कटॉपची किंमत नगण्य असते, आतल्या हार्ड डिस्कवरच्या माहितीची नसते. फाइल डिलीट करणे किंवा क्विक फॉरमॅट करणे म्हणजे पुस्तकाची अनुक्रमणिका फाडण्यासारखे आहे. पाने तशीच राहतात आणि फुकटच्या सॉफ्टवेअरने वाचता येतात.

फिरणारी हार्ड डिस्क असेल तर विंडोजच्या डिस्कपार्ट या डिस्क हाताळणाऱ्या सोयीतली 'क्लीन ऑल' ही आज्ञा पूर्ण डिस्कवर शून्ये लिहिते. नुसते 'क्लीन' लिहिले तर फक्त विभागांची नोंद पुसते, माहिती राहते. ही चूक नेहमी होते. ५०० जीबीच्या डिस्कला दीड ते दोन तास लागतात. डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडून हे काम करत असाल तर 'सिलेक्ट डिस्क' करताना क्रमांकासोबत आकारही तपासा, नाहीतर चालू संगणकाचीच डिस्क पुसली जाते. एकदा पूर्ण लिहिणे पुरते. सात-सात वेळा लिहिण्याचा सल्ला जुन्या काळातला आहे, त्यात वेळ घालवू नका.

एसएसडीचे, म्हणजे फिरत्या तबकड्यांऐवजी चिपवर माहिती ठेवणाऱ्या डिस्कचे, तसे नाही. ती एकाच जागी वारंवार लिहीत नाही, झीज सगळीकडे वाटून घेते. त्यामुळे वरून शून्ये लिहिली तरी काही भाग तसाच राहू शकतो. तिच्यासाठी बायोसमधली (संगणक सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमधली) किंवा कंपनीच्या सॉफ्टवेअरमधली 'सिक्युअर इरेज' सोय वापरायची. चुंबक फिरवून एसएसडीला काही होत नाही. बंद पडलेली डिस्क पुसता येत नाही, तिला ड्रिलने आरपार तीन-चार भोके पाडा. लॅपटॉपच्या छोट्या डिस्कमधल्या तबकड्या बऱ्याचदा काचेच्या असतात आणि ड्रिल लागताच फुटून उडतात, तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच. एसएसडीत मात्र भोक चिपमधून गेले पाहिजे, रिकाम्या पट्टीतून नव्हे.

संगणक पुसण्याआधी दोन गोष्टी करून घ्या. हिशेबाचे टॅली सॉफ्टवेअर असेल तर त्याचे लायसन्स सरेंडर करा, नाहीतर नव्या संगणकावर ते चालू करताना खटपट होते. आणि बॅकअप मुख्य कार्यालयात उघडून पाहा. 'घेतला आहे' एवढे ऐकून समाधान मानू नका, त्यातले दोन-चार खातेउतारे प्रत्यक्ष काढा.

संगणकाबाहेरची माहिती सहसा विसरली जाते. मोठ्या झेरॉक्स मशीनमध्ये अनेकदा हार्ड डिस्क असते आणि छापलेल्या-स्कॅन केलेल्या पानांच्या प्रतिमा तिच्यावर राहू शकतात. शिवाय स्कॅन थेट ईमेलवर पाठवायची सोय लावली असेल तर त्या ईमेलचा पासवर्डही मशीनमध्ये जपलेला असतो. सर्व्हिस इंजिनिअरला बोलावून डिस्क पुसून किंवा काढून घ्या आणि त्याच्या जॉब कार्डवर तसे लिहून घ्या. सीसीटीव्हीच्या डीव्हीआरचा (रेकॉर्डिंग साठवणाऱ्या मशीनचा) पासवर्ड बदलला म्हणजे रेकॉर्डिंग पुसले गेले असे नाही, तिथलीही डिस्क काढा. हजेरीच्या बायोमेट्रिक मशीनमध्ये 'ॲडमिन हटवा' आणि 'सर्व डेटा हटवा' हे दोन वेगळे पर्याय असतात, दुसरा निवडायचा. जुन्या फॅक्सच्या फिल्म रोलवर पाठवून आलेले प्रत्येक पान उलट्या अक्षरांत स्पष्ट वाचता येते. तो रोल कापूनच टाका. पिग्मी मशीनमधला व्यवहार मुख्य सर्व्हरवर चढल्याची खात्री करून ती रिकामी करा, सिम कार्ड असेल तर बाहेर काढा. राउटर रीसेट करा. अधिकाऱ्यांच्या डिजिटल सहीचे टोकन ड्रॉवरमध्ये पडून असतात, ते मोजून ताब्यात घ्या. बॅकअपच्या सीडीवर ओरखडे काढायचे तर छापील बाजूने काढा, कारण माहितीचा थर त्या बाजूला अगदी वरच असतो. डीव्हीडीत तो मध्ये असतो, म्हणून ती कापडात धरून मोडा.

दप्तर: आधी काय ठेवायचे ते

जीएसटी नोंदणी असेल तर त्याची हिशेबवही वार्षिक विवरणपत्राच्या देय तारखेपासून ७२ महिने ठेवावी लागते. कंपनी कायद्याखालच्या कंपनीला ८ आर्थिक वर्षांचे हिशेब ठेवावे लागतात, हे कोणी कंपनीसाठी वाचत असेल तर. सहकारी संस्थेने मात्र नुसत्या वर्षांवर जाऊ नये. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खालची वसुली प्रकरणे, धनादेश न वटल्याचे खटले, कलम ८३ किंवा ८८ ची चौकशी, यांपैकी काहीही चालू असेल तर त्या कर्जाची फाइल कितीही जुनी असली तरी हलवायची नाही. सभासदांची मूळ कागदपत्रे, गहाणखते, विमा पॉलिसी निघाल्या तर त्या पोच घेऊन परत द्यायच्या. सभासद सभा आणि संचालक मंडळाची इतिवृत्ते कायमची. उरलेल्या दप्तराची यादी लेखापरीक्षकाला दाखवून लेखी होकार घ्या, आणि सहायक निबंधक कार्यालयालाही विचारून ठेवा.

आता नष्ट करायचे कागद. ऑफिसातल्या छोट्या श्रेडरवर भरवसा ठेवून ४०० किलो दप्तर संपवायला निघू नका. ८० जीएसएमचा एक ए-फोर कागद ५ ग्रॅमचा, म्हणजे किलोला २०० पाने आणि ४०० किलोला ८०,००० पाने. एका वेळी ८ पाने घातली तरी १०,००० वेळा कागद सरकवायचा. छोटे मशीन पाच-दहा मिनिटे चालले की तापून बंद होते आणि अर्धा तास विश्रांती मागते. म्हणून कागदाचे दोन ढीग करा. केवायसीच्या प्रती, सहीच्या नमुन्याची कार्डे, फोटो लावलेले अर्ज, वारस नोंदी, पगारपत्रके हा गोपनीय ढीग. छापील परिपत्रके, जुनी माहितीपत्रके, कोऱ्या पाठीची पाने ही साधी रद्दी. पहिला ढीग सहसा एकूण कागदाच्या मानाने बराच कमी निघतो आणि तेवढाच नष्ट करावा लागतो. तोही फार असेल तर पेपर मिलमध्ये तुमच्या माणसासमोर थेट लगदा करून घ्यायचा आणि वजनाची पावती आणायची. पाण्याच्या टाकीत भिजवून लगदा करण्याचा उपाय चालतो, पण आपल्याकडे मार्चनंतर एवढे पाणी कागदावर घालवणे कोणाला पटणार नाही. जाळणे हा पर्याय धरूच नका. गठ्ठ्याच्या कडा जळतात, मधली पाने कोरडी आणि वाचण्याजोगी राहतात, आणि वाऱ्याने अर्धवट जळलेले कागद शेजारच्या गल्लीत जातात.

रद्दीत काय गेले याची काळजी का घ्यायची, ते बस स्टँडवर खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी उलगडली की कळते. कोणाच्यातरी कर्जाच्या अर्जाचे पान त्यात निघू शकते.

जुन्या कागदांपेक्षाही धोक्याचे असतात कोरे छापील कागद: ठेव पावत्या, शेअर सर्टिफिकेट, पासबुके, पिग्मीच्या पावत्या, न वापरलेले धनादेश. कोरी ठेव पावती आणि ड्रॉवरमध्ये राहिलेला शाखेचा शिक्का एकत्र कोणाच्या हाती लागले तर काय होईल ते सांगायला नको. धनादेश बँकेला परत करून पोच घ्या. अनुक्रमांकाचे बाकी सगळे कागद 'अमुक ते अमुक' असे मोजून, दोन संचालक आणि व्यवस्थापक यांच्या सह्यांचा पंचनामा करून नष्ट करा. शिक्क्याचे रबर ब्लेडने आडवे-उभे कापा, दांडा फेकून भागत नाही.

बॅटऱ्या

पैसा आणि धोका दोन्ही सगळ्यात जास्त इथेच आहे. ऑगस्ट २०२२ पासून लागू असलेल्या बॅटरी कचरा नियमांनुसार कोणतीही बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही, ती गोळा करणाऱ्या किंवा रिसायकल करणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यायची. व्यवहारात सोपा मार्ग म्हणजे बॅटरीचा डीलर. मुख्य कार्यालयासाठी नवी बॅटरी घ्यायची असेल तर जुनीच्या बदल्यात सूट मिळते, नसेल तरी डीलर वजनावर घेतो. १५० एएचची पाण्याची ट्युब्युलर बॅटरी पन्नास-साठ किलोची असते. यूपीएसमधली १२ व्होल्ट ७ एएचची सीलबंद बॅटरी दोन-अडीच किलोची, आणि तिच्या वजनातला मोठा वाटा शिशाचा असतो. आठ यूपीएस 'पेटीसकट' भंगारात दिले की हे शिसे प्लॅस्टिक-पत्र्याच्या भावात जाते. म्हणून मागचे स्क्रू खोलून बॅटरी वेगळी काढा, आधी लाल-काळी वायर सोडवा आणि दोन्ही टोकांना लगेच इन्सुलेशन टेप लावा.

ॲसिड गटारीत ओतून बॅटरी 'हलकी' करून देण्याची पद्धत दिसते. तसे करू देऊ नका. ॲसिडसोबत विरघळलेले शिसेही जाते आणि हातावर-डोळ्यात उडण्याचा धोका वेगळाच. बॅटरी उभीच ठेवा, लाकडी फळीवर ठेवा, टेम्पोत एकावर एक रचू नका. सांडलेच तर खाण्याचा सोडा टाका, फेस थांबेपर्यंत, मग रबरी हातमोजे घालून पुसून घ्या.

पिग्मी मशीन आणि लॅपटॉपमधल्या लिथियम बॅटऱ्यांना आपला उन्हाळा मानवत नाही. जळगाव-भुसावळकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांपुढे जातो आणि पत्र्याच्या शेडमध्ये त्याहून अधिक. तिथे महिनाभर पोत्यात बांधून ठेवलेल्या जुन्या बॅटऱ्या फुगतात. फुगलेली बॅटरी चार्ज करू नका, दाबू नका, टोचून 'हवा काढू' नका, ती पेट घेते. पत्र्याच्या डब्यात कोरड्या वाळूत ठेवा, सावलीच्या खोलीत, कागदांपासून दूर, आणि लवकरात लवकर द्या.

मॉनिटर, ट्यूबलाइट, टोनर, एसी

जाड मॉनिटरच्या काचेत किलो-दोन किलो शिसे असते. भंगारवाल्याला त्या काचेचा काही उपयोग नसतो, त्याला मागची तांब्याची गुंडाळी हवी असते. त्यासाठी नळीची मान फोडली जाते आणि उरलेली काच नदी-नाल्याच्या काठी पडते. मॉनिटर फोडू न देता अख्खा रिसायकलरकडे द्या. पैसे मिळणार नाहीत, कधी वाहतुकीचे द्यावे लागतील. ते बाकीच्या मालाच्या किमतीतून वळते करून घेता येतात, फक्त मॉनिटर एकटे न देता संगणकांसोबत द्या.

ट्यूबलाइटमध्ये थोडा पारा असतो. पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या ठेवा. फुटलीच तर खिडक्या उघडून दहा-पंधरा मिनिटे बाहेर थांबा, तुकडे जाड पुठ्ठ्याने गोळा करून झाकणाच्या बरणीत भरा. झाडू मारला की पाऱ्याचे कण सगळीकडे पसरतात.

टोनरचे रिकामे काडतूस रिफिल करणारे विकत घेतात, विशेषतः मूळ कंपनीचे. देताना एक करा: मूळ खोके देऊ नका, फाडून रद्दीत टाका. रिकाम्या काडतुसात हलकी पावडर भरून त्याच खोक्यात 'नवे' म्हणून विकले जाते. झेरॉक्स मशीन हलवण्याआधी टोनरची बाटली आणि टाकाऊ टोनरचा डबा दोन्ही बाहेर काढा. दुसरा हमखास विसरतो आणि टेम्पोत काळी भुकटी सांडते. ती घरच्या व्हॅक्यूम क्लिनरने ओढू नका, बारीक कण गाळणीतून परत हवेत येतात. ओल्या फडक्याने टिपा, कपड्यांवर पडली तर झटकून गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती वितळून कापडाला चिकटते.

जुना एसी काढताना मेकॅनिकला 'पंप डाऊन' करायला सांगा, म्हणजे पाइप कापण्याआधी सगळा गॅस बाहेरच्या युनिटमध्ये जमा होतो. जुन्या एसीतला आर-२२ वायू ओझोनला मारक आहेच आणि त्याची वातावरण तापवण्याची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १,८०० पट आहे. नट ढिला करून फुस्सकन सोडून देण्यापेक्षा पंप डाऊनला दहा मिनिटे जास्त लागतात, एवढेच. अग्निशामक नळकांडी भंगारात कापायला देऊ नका. आत दाब असतो, ती सर्व्हिस एजन्सीला परत द्या. फिरत्या खुर्चीच्या उंची कमी-जास्त करणाऱ्या दांड्याचेही तेच: आत दाबाखालचा वायू असतो, गॅस कटर लावला की फुटतो.

चालू सामान

दोन डॉट मॅट्रिक्स प्रिंटर भंगारात काढू नका. पासबुक छापायला आजही तेच लागतात आणि त्यांच्या हेडला मागणी आहे. दुसऱ्या शाखेला किंवा शेजारच्या संस्थेला विचारा.

संगणक शाळेला देण्याचा विचार चांगला आहे, पण विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि जुन्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नाही. बारापैकी जे चांगले असतील त्यांत जुनी डिस्क काढून २४० जीबीची एसएसडी घाला, ८ जीबी रॅम करा, विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली टाका आणि आठवडाभर चालवून मगच द्या. मुख्याध्यापकांचे मागणीपत्र आणि पोच घ्या. न चालणारे संगणक 'दान' दिले की शाळेच्या डेड स्टॉक रजिस्टरवर तुमचा कचरा चढतो आणि तो निर्लेखित करायला त्यांना वर्षे लागतात. त्याला दान म्हणू नये.

सागवानी काउंटर सुताराला दाखवा, जळणाच्या भावात देऊ नका. प्लायवूड आणि पार्टिकल बोर्ड मात्र कोणाच्या भट्टीत जाणार नाही हे पाहा, त्यातल्या गोंदाचा धूर वाईट असतो. कपाटे देण्याआधी चोरकप्पा, लॉकर आणि ड्रॉवरच्या मागची फट हाताने चाचपून पाहा. तिजोरीच्या दोन पत्र्यांमध्ये काँक्रीटसारखा भराव असतो, त्यामुळे भंगारवाला वजनातून मोठी कपात मागणार. ती रास्त आहे. पण चालू तिजोरी तिजोरी म्हणूनच विका, चाव्यांसकट.

रिसायकलर कसा तपासायचा

१ एप्रिल २०२३ पासून नवे ई-कचरा नियम लागू आहेत. वर्षात १,००० किंवा अधिक उपकरणे वापरणारी संस्था त्यात बल्क कन्झ्युमर ठरते आणि तिला नोंदणीकृत उत्पादक, रिफर्बिशर (जुने दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणारा) किंवा रिसायकलर यांनाच माल द्यावा लागतो. तुमची संस्था त्या आकड्याजवळ नसेल, तरी तोच मार्ग धरा.

'आम्ही अधिकृत आहोत' म्हणणाऱ्याकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा नोंदणी क्रमांक मागा आणि मंडळाच्या ई-कचरा पोर्टलवर नाव, पत्ता, मुदत जुळवा. आयएसओ प्रमाणपत्र किंवा उद्यम नोंदणी म्हणजे ही नोंदणी नव्हे. 'आम्ही कलेक्शन सेंटर आहोत' असे उत्तर आले तर माल कोणत्या रिसायकलरकडे जातो ते लेखी घ्या आणि त्याचाही क्रमांक तपासा. शंका असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जळगाव किंवा धुळे कार्यालयात विचारता येते.

खरी अडचण प्रमाणाची आहे. १२ संगणकांचे साधारण १०० किलो, ४ मॉनिटरांचे ६०, झेरॉक्सचे १००, बाकी किरकोळ धरून तुमचा ई-कचरा तीनशे-साडेतीनशे किलोच्या घरात जाईल. एवढ्यासाठी नाशिक, पुणे किंवा सुरतेहून गाडी कोणी पाठवत नाही. छोटा हत्ती सुमारे ७५० किलो नेतो. तेव्हा शेजारची एखादी पतसंस्था, दोन-तीन कर सल्लागार आणि एखादे कॉलेज यांना गाठून एकत्र भरती करा. प्रत्येकाची यादी आणि वजनपावती मात्र वेगळी. केबली जाळून तांबे काढणाऱ्याला देऊ नका, त्याही याच गाडीत टाका.

लोखंड-पत्र्यासाठी दोन भंगारवाल्यांकडून किलोचे दर लेखी घ्या आणि वजन तुमच्या समोर, तुम्ही निवडलेल्या काट्यावर करा. ज्या वस्तूंवर जीएसटीचे क्रेडिट (खरेदीवेळी भरलेल्या कराची वजावट) घेतले होते त्या विकताना घेतलेल्या क्रेडिटमधून प्रत्येक तिमाहीला ५ टक्के वजा करून उरलेली रक्कम किंवा विक्रीवरचा कर, यांपैकी जास्त असेल तो भरावा लागतो. पाच वर्षांवरच्या वस्तूंवर क्रेडिटची बाकी शून्य होते, मग फक्त विक्रीवरचा कर उरतो. विक्रीचे पैसे रोखीत न घेता संस्थेच्या खात्यात घ्या.

गाडी निघताना गेट पासवर सिरियल नंबर लिहा आणि भरलेल्या गाडीचा नंबर दिसेल असा फोटो काढा. रिसायकलरची पावती लगेच मिळते, प्रक्रियेचे प्रमाणपत्र नंतर येते. ते पाठपुरावा केल्याशिवाय येत नाही, म्हणून वाहतुकीच्या पैशातला थोडा भाग प्रमाणपत्र हाती येईपर्यंत राखून ठेवण्याची अट आधीच ठरवा. ते आले की त्याचा क्रमांक डेड स्टॉक रजिस्टरमध्ये त्या त्या वस्तूसमोर लाल शाईने चढवा आणि व्यवस्थापकाची सही घ्या.